स्वल्पविरामांसकट

१२ जानेवारी

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, कारण इतक्या वर्षांनी एकदम तीर्थरूप म्हणणं तुम्हालाही जड जाईल आणि मलाही. पत्र मराठीत आहे, तेही मुद्दाम. आपल्या घरात बोलायचं मराठीत आणि लिहायचं इंग्रजीत, हा तुमचा कायदा. घरच्या मराठीवर तुम्ही लाल पेन उचलत नाही, म्हणून ही पळवाट काढली.

बातमी अशी की मला पुन्हा शाळेत घातलंय. इथे परदेशात लिफ्टच्या कंपनीत मी तक्रारींना उत्तरं लिहिते, हे आत्याने तुमच्या कानावर घातलं असेलच. मागच्या महिन्यात एक आजोबा आमच्या लिफ्टमध्ये अडकले. बाहेर आल्यावर त्यांनी चार ओळींची तक्रार पाठवली, आणि मी त्यांना तीन पानी उत्तर लिहिलं. आत एकटं असताना मनात काय काय आलं, घरी कुणी वाट पाहत होतं का, आता लिफ्टची धास्ती तर बसली नाही ना, सगळी चौकशी केली. माफी मागायची मात्र राहून गेली. साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "बाई, आपण लिफ्ट दुरुस्त करतो, नाती नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव इंग्रजी लेखन सुधारण्याच्या वर्गात घातलं.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला. हसा, हसा. मीही हसले.

वर्ग संध्याकाळी असतो, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. ती खोली दिवसभर लहान मुलांची, त्यामुळे खुर्च्याही त्यांच्याच. गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही मोठी माणसं लेखन सुधारतो. माझ्या शेजारी एक टॅक्सीवाला बसतो. त्याला मुलाच्या शाळेला पत्रं लिहायची असतात, आणि तिथल्या मुख्याध्यापिकेसमोर त्याला हार खायची नाही. शिकवणाऱ्या बाई पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायच्या. सगळे त्यांना कात्री म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांची पद्धत अशी की आपला कागद घ्यायचा, वरचा परिच्छेद वाचायचा आणि तेवढा भाग मागे दुमडून टाकायचा. "इथपर्यंत तू घसा साफ करत होतीस. पत्र आता सुरू होतंय. जे सांगायचं ते पहिल्या वाक्यात सांगत जा."

हे पत्र त्यांच्या हाती लागलं तर बरंचसं दुमडलं जाईल. म्हणून आता मुद्द्याचं. सोबत मी वर्गात लिहिलेलं एक इंग्रजी पान आहे. माझ्या खिडकीतून काय दिसतं, एवढाच विषय. ते तपासाल का, आणि परत पाठवाल का? पत्राचं उत्तर मागत नाही. फक्त ते पान हवंय, तुमच्या खुणा केलेलं.

तुमची
मूळ प्रत


३ फेब्रुवारी

बाबा,

पान आलं नाही. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "पोचलं गं पाकीट. उघडलंय. टेबलावर आहे." मी विचारलं, काही म्हणाले का? तर म्हणे, "दादा काय म्हणणार? दादा म्हणतो का कधी काही?"

परवा वर्गात इंग्रजीतल्या गप्प अक्षरांचा धडा होता. गुडघ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या सुरुवातीला के बसलेला असतो. सुरीच्याही बसतो. माहीत असण्याच्या शब्दातही तोच. पहिल्या जागेवर, रुबाबात, आणि तोंडातून अवाक्षर नाही. टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "बोलायचंच नाही तर बसतो कशाला तो तिथे?" कात्री म्हणाल्या, "पूर्वी बोलायचा. मग लोकांनी त्याला उच्चारायचं सोडलं, पण जागेवरून उठवायचा धीर कुणाला झाला नाही." सगळे हसले. मला मात्र जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची दिसायला लागली. त्या खुर्चीवर कोण बसतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

ही भाषा किती वेंधळी आहे, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही चुका दाखवल्यात, गंमत दाखवली नाहीत. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे तो वाजायला लागतो, आणि दिवा 'गोज ऑफ' म्हणजे तो विझतो. फॉर्म 'फिल इन' करून आतही भरतात आणि 'फिल आउट' करून बाहेरही, फॉर्म तोच असतो. घर 'बर्न्स अप' म्हणजे वर जळतं, 'बर्न्स डाउन' म्हणजे खाली जळतं, राख सारखीच. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना मिळून यांच्याकडे एकच शब्द. मी आपले चार शब्द फळ्यावर लिहून दाखवले तर वर्ग माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी घरातले दागिने काढून दाखवतेय. आणि 'यू'. साहेबांना यू, कुत्र्याला यू, देवाला यू, तुम्हालाही यू. लहानपणी आईला 'तू' आणि तुम्हाला 'तुम्ही' म्हणताना मध्ये एक पायरी लागायची. इंग्रजीत ती पायरीच नाही. म्हणून तर मी तुम्हाला इंग्रजीतून बिनधास्त लिहायचे.

आता ते बोलूनच टाकते, नाहीतर सगळी पत्रं घसा साफ करण्यातच जायची.

आई गेली तेव्हा वादळामुळे इथली विमानं बंद होती. मी पोचू शकले नाही. तुम्हाला पत्र लिहिलं, कायद्याप्रमाणे इंग्रजीत. आठवड्याभराने ते परत आलं. स्वल्पविराम घातलेले, दोन वाक्यं जोडलेली. मला तिचा आवाज ऐकू येतो, हे वाक्य मी दोनदा लिहिलं होतं. तुम्ही त्यातलं एक खोडलंत आणि समासात लिहिलंत, पुनरुक्ती. दुसरा शब्द नाही. ना तुम्ही कसे आहात, ना मी कशी आहे.

त्यानंतर मी लिहिलं नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि आज माफीही मागत नाही. मला राग आला होता. अजून आहे. पण त्या रागासोबत दुसरंही काही आहे, आणि तेच हल्ली वरचढ होतंय. माझ्या कागदावर लाल पेन फिरलेलं बघून किती वर्षं झाली.

दुसरं पान जोडलंय. विषय, माझं ऑफिस.

मूळ प्रत


१० मार्च

बाबा,

तुमचं काहीच आलं नाही. आत्या म्हणते डोळ्यांचं थोडं चालू आहे, डॉक्टरकडे जाऊन आला, काळजी करू नकोस. आत्या काळजी करू नकोस म्हणाली की मी आधी काळजीला लागते.

आज वर्गात कात्रींनी विचारलं, तुम्हाला लिहायला कुणी शिकवलं? टॅक्सीवाला म्हणाला, पोलिसांनी, दंडाच्या पावत्या वाचून वाचून. माझी पाळी आली आणि मी बोलतच सुटले. छापखान्यातून संध्याकाळी तुम्ही कच्ची प्रुफं घरी आणायचात. ओला, शाईचा वास येणारा कागद. तुमच्यासमोर छापलेलं पान, माझ्यासमोर लेखकाने लिहिलेलं. मी मोठ्याने वाचायचं, तुम्ही ताडून बघायचं. "चल गं मूळ प्रत, बैस," म्हणायचात. म्हणजे मीच ती मूळ प्रत. पंपांची माहितीपत्रकं, औषधांच्या बाटल्यांतले कागद, शाळेची भूगोलाची पुस्तकं. निम्मं मला कळायचं नाही. पण मी प्रत्येक खूण वाचायचे. "पाणी तापल्यावर स्वल्पविराम झाकण उघडू नये पूर्णविराम नवा परिच्छेद." काही चुकलं की तुम्ही पेन्सिल टेबलावर वाजवायचात, टक, आणि मी तेवढं पुन्हा वाचायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पोरगी जेवायला बसली तरी स्वल्पविराम म्हणते." आणि म्हणायचेही. आई स्वल्पविराम आणखी वाढ पूर्णविराम.

तुम्ही हसायचात तेव्हा. आवाज न करता, खांदे हलवून.

कात्री म्हणाल्या, "हे लिही." मी म्हटलं, लिहिलं तर तपासायला दुसरं कुणी चालणार नाही.

सोबतच्या पानात मी मुद्दाम चुका केल्या आहेत. ढोबळ चुका, आंधळ्यालाही दिसतील अशा. अंगणात पाखरांसाठी दाणे टाकावेत तशा पेरल्यात. तुम्हाला चूक दिसली आणि तुमचा हात स्वस्थ राहिला, असं आजवर झालेलं नाही. हॉटेलातल्या फलकावरच्या चुका तुम्ही वेटरचं पेन मागून दुरुस्त केल्यात आणि आईने लाजेने चेहरा रुमालात लपवला, ते मी बघितलंय.

एवढं तरी कराल ना बाबा?

मूळ प्रत


१९ एप्रिल

बाबा,

पान आलं.

पाकिटावरचं अक्षर आत्याचं होतं, म्हणून आधी धसका घेतला. आत बघते तर माझंच पान, घडीवर घडी घातलेलं, आणि त्यावर लाल. मी बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. शेजारीण विचारत होती काय झालं, काय झालं, आणि मी तिला म्हणत होते, माझ्या वडिलांनी चुका काढल्यात. तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. तिने पाणी आणलं.

मग वर आले, दिव्याखाली कागद धरला आणि नीट बघितलं.

तुमच्या सगळ्या खुणा मला ओळखू आल्या. शब्द काढून टाकायची शेपटीवाली गाठ, मध्ये काही घालायचं तर उलटा कोन, अक्षरांची अदलाबदल करायची ती नागमोडी रेघ. हात तुमचाच. पण शेपटीवाली गाठ समासात होती, जिथे एकही शब्द नाही. उलटा कोन दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत. नागमोडी रेघ तारखेवरून गेलेली. मी पेरलेला एकही दाणा टिपला गेला नव्हता.

आणि अगदी खाली ठिपक्यांची एक ओळ. ती खूण तुम्हीच मला शिकवली होतीत. एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं, नाही, असू दे, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे. म्हणजे खोडलंय ते विसरा, जसं होतं तसं राहू द्या. ते ठिपके माझ्या सहीखाली द्यायचे होते का? सहीच्या बोटभर खाली पडलेत, आणि तिरके होत कागदाबाहेर गेलेत.

पहिल्यांदा वाटलं, तुम्ही मला चिडवताय. ते फार वेळ वाटून घेता आलं नाही.

मी मागच्या पत्रात आंधळ्यालाही दिसतील अशा चुका म्हटलं होतं. आत्याने ते तुम्हाला वाचून दाखवलं असेल तर मला माफ करू नका, पण मला माहीत नव्हतं एवढं लक्षात घ्या.

उद्या आत्याला फोन करते. आणि आता ती काळजी करू नकोस म्हणाली तर मी फोनमधून हात घालून तिची वेणी ओढणार आहे.

मूळ प्रत


२१ एप्रिल

बाबा,

हे पत्रही आत्याच वाचून दाखवणार, हे आता ठाऊक आहे. आत्या, इथे थांबू नकोस, तुझ्याबद्दल जे येईल तेही वाच.

आत्याने सगळं सांगितलं. काठाकाठाचं अजून थोडं दिसतं, समोरचं मधलं गेलंय. ते परत येणार नाही. डॉक्टरांनी आहे ते टिकवायला गोळ्या दिल्यात. आणि तुम्ही बजावून ठेवलं होतं की मला कळवायचं नाही. "तो म्हणाला, कळलं की धावत येईल, आणि धावत आलेलं मला नकोय," आत्या म्हणाली. "मी तरी काय करू? दोघंही एका वळणाचे. मध्ये माझं भरीत होतं."

मी विचारलं, मग माझी पत्रं?

"मीच वाचते. मराठी काय, वाचते घडाघडा. दादा ऐकतो. ते लिफ्टवालं आलं तेव्हा पुन्हा वाच म्हणाला. पण तुझ्या त्या इंग्रजीच्या पानांनी माझा जीव घेतलाय. दिसतं तसं वाचते मी. परवा म्हटलं, क्नी. तर दादा हसला. आईशप्पथ हसला. खांदे हलत होते. म्हणाला, तो के गप्प असतो गं. मी म्हटलं, मग तुझ्याच घरातला असेल."

मग ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

"एक सांगू?" म्हणाली. "त्याचं माझ्या वाचण्याने भागत नाही. दर ओळीला पेन्सिल वाजवतो. मी विचारते, आता काय चुकलं? तर म्हणतो, तू स्वल्पविराम वाचत नाहीस. पूर्णविराम वाचत नाहीस. खुणा कळल्याशिवाय मी तपासू कसा? परवा मी चिडले. म्हटलं, मला नाही येत असलं काही, माझ्या आईने मला माणसासारखं वाचायला शिकवलंय. तर खिडकीकडे तोंड करून बसला, आणि म्हणाला, तिला यायचं. ती एक खूण सोडायची नाही. नंतर लाल पेन मागून घेतलं आणि कागद पुढ्यात ओढला. मी म्हटलं, दादा, दिसत नाही तर कशाला? म्हणाला, तिने मागितलंय."

बाबा, मी ऑफिसात होते. समोर कुणाची तरी तक्रार उघडी होती. मी ती तशीच ठेवून लिफ्टच्या खोलीत गेले, आमच्या नमुन्याच्या लिफ्टमध्ये, जी कुठेच जात नाही, फक्त गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलीय. दार लावून घेतलं आणि रडले. पोटभर. साहेबांनी बाहेरून विचारलं, "बाई, अडकलात का?" मी म्हटलं, हो.

मूळ प्रत


६ मे

बाबा,

मला घरी यायचं आहे.

बघा, पहिल्याच वाक्यात सांगितलं. कात्रींना ही सुरुवात इंग्रजीत करून दाखवली, तर त्यांनी पहिल्यांदाच काही दुमडलं नाही. आपल्या 'आठवण येते'ला इंग्रजीत काय म्हणतात, यावर आमचा वाद झाला. ते म्हणतात 'मिस'. बस चुकली तरी मिस, नेम चुकला तरी मिस. त्यांच्यात माणूस हे स्वतः करतो. आपल्याकडे आठवण येते, आपलीआपली, न विचारता, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, दुसऱ्याची तक्रार वाचताना. कात्री म्हणाल्या, तुमचं बरोबर वाटतं. त्या जन्मात पहिल्यांदा कुणाला असं म्हणाल्या असतील. टॅक्सीवाला मला विमानतळावर सोडणार आहे. मुख्याध्यापिकेने शेवटी त्याची माफी मागितलीय, लेखी, त्यामुळे तो हवेतच आहे.

साहेबांना सांगितलं की तक्रारींची उत्तरं तिथूनही लिहिता येतील. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, तुमचं पहिलं सरळ उत्तर.

तुम्हाला धावत आलेलं नकोय. मी धावत येत नाहीये. विमानाने येतेय, खिडकीजवळची जागा घेऊन, निवांत. तुमच्या डोळ्यांसाठी येत नाहीये. डोळे असतानाही मला यायचं होतं, ते माझ्या मनाला माझ्याआधी ठाऊक असणार. आणि एक सांगते, तो राग मी सोबत घेऊन येतेय. तो कधीतरी संध्याकाळी टेबलावर ठेवू, प्रुफासारखा, आणि दोघं मिळून बघू.

हे पत्र टपालात टाकणार नाही. आत्याने वाचायचं नाही, मीच वाचणार. तुमच्या खुर्चीसमोर माझी जुनी बैठक असेल, नसेल तर स्टूल घेईन. लाल पेन नको, पेन्सिल हातात घ्या. शेवटचा भाग त्यासाठीच लिहिलाय, आणि तो असाच वाचणार आहे. तयार?

बाबा स्वल्पविराम मी आले आहे पूर्णविराम नवा परिच्छेद

आई गेली तेव्हा मी जे पत्र लिहिलं स्वल्पविराम त्यात एक वाक्य दोनदा होतं पूर्णविराम ते चुकून झालेलं नव्हतं पूर्णविराम एकदा लिहून पुरलं नाही म्हणून दोनदा लिहिलं पूर्णविराम तुम्ही खोडलेलं वाक्य मी आज पुन्हा वाचते स्वल्पविराम पेन्सिल वाजवायची असेल तर वाजवा पूर्णविराम

मला तिचा आवाज ऐकू येतो पूर्णविराम

मला तिचा आवाज ऐकू येतो पूर्णविराम

तुम्हालाही येतो का प्रश्नचिन्ह

पुनरुक्ती आहे स्वल्पविराम मला माहीत आहे पूर्णविराम दोन्हींच्या खाली ठिपके द्या बाबा पूर्णविराम हात मी धरते पूर्णविराम